सदतीस तक्रारी

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपावर साधा ओरखडाही नव्हता, आणि आतली लाल फाइल मात्र गायब होती.

सर्व्हेअरबाई कमरेवर हात ठेवून कपाटासमोर उभ्या राहिल्या. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पूर्वी बरं होतं. माणसं खोटं बोलायची आणि गाड्या गप्प असायच्या. हल्ली गाड्याच बोलायला लागल्या होत्या, आणि माणसांपेक्षा जास्त थापा मारत होत्या.

"अशी कुठली फाइल नव्हतीच," शोरूमचे मालक म्हणाले. एकोणीस वर्षं ते याच एका कंपनीच्या गाड्या विकत आले होते. आता शोरूममध्ये तीन गाड्या उरल्या होत्या आणि भिंतीवरच्या बोधचिन्हातलं एक अक्षर गळून पडलं होतं. "आमच्या फोरमनच्या मनात आलं आणि त्याने सांगितलं, झालं."

"मनातली फाइल?" बाईंनी कपाटाच्या मधल्या खणाकडे बोट दाखवलं. खणभर धूळ होती. फक्त उजव्या कोपऱ्यात चार बोटं रुंदीचा एक लख्ख पट्टा होता. "मग ही धूळ कोणी एवढी मापात पुसली?"

मालकांनी रुमाल काढून कपाळ टिपलं.

प्रकरण साधं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी गावातले भूगोलाचे सर वाचनालयाच्या आवारात इथूनच घेतलेल्या विजेवरच्या गाडीत बसले होते. त्यांच्या पत्नी पुस्तकं बदलायला आत गेल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. पडदा आणि कुलुपं चालवणारी गाडीची छोटी बॅटरी अचानक मेली आणि तिच्याबरोबर सगळंच मेलं: पडदा, हॉर्न, काचा, दारांची कुलुपं. फोन पत्नीच्या पर्समध्ये होता. पाऊण तासाने लोकांनी दगड घालून काच फोडली, तोवर उशीर झाला होता.

गाडीची कंपनी म्हणत होती, दोष फोरमनचा. सर्व्हिसिंगच्या वेळी त्याने वायरी उचकल्या. फोरमन म्हणत होता, या गाड्यांच्या बॅटऱ्या उभ्या उभ्या मरतात, सदतीस गिऱ्हाइकांनी तशी तक्रार केलीय. त्यातला प्रत्येक कागद त्याने छापून लाल फाइलला लावला होता आणि प्रत्येकावर कंपनीच्या साहेबाची 'मिळाले' अशी सही घेतली होती. संगणकावर आता काही शिल्लक नव्हतं. कंपनी उद्या सकाळी दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती, आणि विकायला काढल्यावर तिने गावोगावच्या शोरूमचे संगणक आधी बंद केले होते. नवा मालक फक्त कागदोपत्री असलेल्या तक्रारींची जबाबदारी घेणार होता.

बाईंचा अहवाल आज जायचा होता. फाइल मिळाली नाही, तर सरांच्या मृत्यूचं खापर फोरमनच्या डोक्यावर फुटणार होतं.

"किल्ल्या किती?" त्यांनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी काउंटरमागच्या खिळ्याला. कोणीही घ्यावी."

"म्हणजे कोणीही फाइल घेऊन घरी गेलं असेल."

"ते नाही जमायचं," दारातून आवाज आला. गेटवरचे दरवान काका चहाचा कप घेऊन उभे होते. "टायर चोरीला गेल्यापासून मी प्रत्येकाची पिशवी, डबा, डिकी, सगळं बघतो. दोन माणसं सोडून."

"कोण दोन?"

काकांनी मालकांकडे पाहिलं आणि चहाचा मोठा घोट घेतला.

२

दुसरा माणूस शोरूमच्या सोफ्यावर पाय लांब करून बसला होता. कंपनीचा साहेब. पायात पांढरेशुभ्र बूट, हातात दोन फोन.

"मी तर आज सकाळी आलोय, मॅडम. मुख्य कार्यालयातून पहाटे निघालो, नऊच्या ठोक्याला इथे. सव्वादोनशे किलोमीटर, एका चार्जमध्ये, कुठेही न थांबता. आमची गाडी आहेच तशी."

"गाडी इतकी चांगली, तर कंपनी का बुडाली?"

साहेब हसला. "बुडाली नाही. नव्या प्रवासाला निघालीय."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. असली भाषा ऐकली की त्यांना हातोडी हवीशी वाटायची. "मला एक सांगा, त्या गाडीत दार हाताने उघडायची सोय आहे की नाही?"

"आहे ना! दाराच्या कप्प्यातला प्लास्टिकचा तळ उचलला की खाली एक दोरी असते. ती ओढायची. पुस्तिकेत स्पष्ट दिलंय, पान तीनशे बारा."

"ती पुस्तिका असते कुठे?"

"गाडीच्या पडद्यावर."

"आणि पडदा बंद पडला की?"

साहेबाने एक फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "गिऱ्हाइकांनी आधी वाचून ठेवणं अपेक्षित आहे."

बाई उठल्या. आणखी दोन मिनिटं तिथे बसल्या असत्या, तर त्यांच्या हातून काही वेडंवाकडं झालं असतं.

शोरूमच्या मधोमध निळी डेमोची गाडी उभी होती. काउंटरवरची ताई तिच्या उघड्या दारापाशी ओणवी होऊन कानाला फोन लावून उभी होती. पस्तिशीची, चेहऱ्यावर झोप न झाल्याच्या खुणा. फोनमधून संगीत वाजत होतं, मध्येच एक यांत्रिक आवाज 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणत होता.

"काय झालं हिला?" बाईंनी विचारलं.

ताई दचकली. "कंपनीने रात्रीतून बंद केली, बघा ना. काल संध्याकाळपर्यंत चालू होती. आता पडद्यावर नुसतं 'सेवा खंडित, मदतकेंद्राशी संपर्क साधा'. चाळीस मिनिटं झाली, संपर्क साधतेय."

"कशासाठी? गाडी तर आज परत जाणार म्हणे?"

"हो. बारा वाजता ट्रक येणारेय. तिन्ही गाड्या कंपनी परत नेतेय." ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "सगळ्याची हीच तऱ्हा आहे, बाई. बाहेरचं ते चार्जिंगचं यंत्र सतरा दिवस बंद पडलंय. सुटा भाग मागवला की म्हणतात, पाठवलाय. कुठे पाठवलाय, कोण जाणे! गावात दुसरं यंत्र एकच, हॉटेलात. त्यावर गाडी भरायला पाच तास लागतात. लोक येऊन माझ्या अंगावर ओरडतात. मी काय करू?"

"लाल फाइल तुम्ही पाहिली होती?"

"फोरमनदादांची? नाही बाई, मी कधी हात नाही लावला."

तिने हे फार घाईने सांगितलं. बाईंनी ते मनात टिपून ठेवलं आणि वर्कशॉपकडे वळल्या.

३

वर्कशॉपमध्ये फोरमन आपल्या लोखंडी पेटीसमोर बसला होता. पेटीतलं सगळं सामान जमिनीवर विखुरलं होतं: पाने, पक्कड, स्वेटर, कुटुंबाचा फोटो.

"हे कोणी केलं?"

"कंपनीच्या साहेबाने. आल्या आल्या. म्हणाला, तपासणी आहे." पन्नाशीचा तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा नाक ओढत होता. "बाई, मी सरांकडे शिकलोय. नकाशा काढायला सरांनी शिकवलं मला. त्यांची गाडी मी बिघडवीन होय? तीनदा बॅटरी बदलली त्यांची. दर वेळी कंपनीला लिहिलं, की गाडी नुसती उभी असली तरी आतलं काहीतरी जागं राहतं आणि बॅटरी पिऊन टाकतं. कंपनीचं उत्तर काय? पुढच्या अपडेटमध्ये बघू. अपडेट आलं, पण त्यात काय होतं ठाऊक आहे? बसायची सीट गरम करायचा वर्षाचा हप्ता!"

"सरांच्या घरी गेला होतात?"

त्याने मान हलवली. "कुठल्या तोंडाने जाऊ? काकूंना वाटत असेल, मीच..."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी त्याचे पाने एकेक करून पेटीत ठेवायला सुरुवात केली. हात कामात असले की त्यांचं डोकं बरं चालायचं. सात नंबरचा पाना हातात असताना त्या थांबल्या.

ज्याच्याकडे फाइल आहे, तो दुसऱ्याची पेटी का उचकेल?

त्या तडक अंगणात गेल्या. साहेबाची पांढरी गाडी सावलीत उभी होती. "साहेब," त्यांनी हाक मारली, "शोरूममधली गाडी तर मेलीय. पडदा चालू असताना कसा दिसतो, ते तरी दाखवा. अहवालात लिहायला लागेल."

साहेब खुशीत आला. दार उघडलं, गाडीने गोड आवाजात स्वागत केलं, दोनदा घंटी वाजवली, पट्टा लावा म्हणाली, थकलात का म्हणून विचारलं. पडदा उजळला.

बाईंनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. मग घड्याळ पाहिलं. साडेदहा.

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही काल रात्री कुठे झोपला होतात?"

४

"अठ्ठ्याऐंशी टक्के," बाई मालकांच्या खोलीत म्हणाल्या. साहेब आणि मालक दोघे समोर होते, दार लावलेलं होतं. "पूर्ण भरलेली गाडी जेमतेम तीनशे किलोमीटर जाते, असं तुमच्याच जाहिरातीत आहे. सव्वादोनशे आलात, तर पाव गाडीसुद्धा भरलेली असायला नको. इथलं यंत्र सतरा दिवस बंद. हॉटेलातल्या यंत्राला पाच तास लागतात, आणि तुम्हाला येऊन झालाय दीड. म्हणजे तुम्ही आज आला नाहीत. काल आलात, हॉटेलात राहिलात, आणि गाडी रात्रभर तिथे भरली. हे लपवावंसं का वाटलं?"

साहेबाचे बूट खुर्चीखाली गेले.

मालकच फुटले. "मीच बोलावलं होतं. काल सात वाजता, सगळे गेल्यावर. हे म्हणाले, ती फाइल द्या, नव्या कंपनीची एजन्सी तुम्हालाच. बाई, माझी एकोणीस वर्षं गेली यात. बत्तीस माणसं होती इथे, आता पाच उरलीत. मी काय करायचं होतं?"

"दिलीत फाइल?"

"कपाट उघडलं तर फाइल नव्हती! शपथेवर सांगतो."

"शपथ नको. मला पटतंय." बाई म्हणाल्या. "फाइल मिळाली असती, तर या साहेबांनी सकाळी फोरमनची पेटी उचकली नसती. ती तुमच्या आधीच कोणीतरी काढली. फोरमनने नाही, कारण त्याच्याकडे असती तर त्याने ती पहिल्या मिनिटाला माझ्यासमोर आपटली असती. स्वतःच्या गळ्याला फास लागलेला असताना फाइल कोण लपवेल?"

"मग राहिलं कोण?" मालक म्हणाले.

"काल दुपारी तुम्ही यांच्याशी फोनवर कुठे बसून बोललात?"

"इथेच."

बाईंनी खोलीच्या पातळ पार्टिशनवर बोटाने टकटक केलं. पलीकडच्या काउंटरवरून, अगदी शेजारी वाजावं इतकं स्पष्ट, मदतकेंद्राचं संगीत ऐकू आलं.

तेवढ्यात बाहेर मोठा हॉर्न वाजला. दरवान काका धावत आले. "ट्रक आला! बाराचा होता, अकरालाच आला!"

साहेब ताडकन उठला. "चला, आधी निळी गाडी चढवा."

५

शोरूमची मोठी काच सरकवून ट्रकवाले आत आले होते. निळी गाडी जागची हलत नव्हती. पडदा चालत नव्हता, म्हणून गिअर सुटत नव्हता. गिअर सुटत नव्हता, म्हणून चाकं फिरत नव्हती. एक ट्रकवाला वैतागून बॉनेटवर थाप मारत होता. "पूर्वी चार माणसांनी ढकलली की गाडी जायची! ही काय भानगड आहे?" शेवटी त्यांनी चाकांखाली छोटी चाकं लावलेल्या लोखंडी पट्ट्या सरकवल्या आणि साखळी अडकवली.

ताई काउंटरला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई तिच्याजवळ गेल्या आणि फक्त तिलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "जी गाडी दुपारी परत जाणार, तिच्यासाठी चाळीस मिनिटं कोणी फोन धरून बसत नाही. आत काय आहे?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही विम्याच्या. तुम्ही कोणाच्या बाजूच्या, मला कसं कळणार?"

"बरोबर आहे. पण आता वेळ नाही. बोल."

"काल मालकांचं बोलणं ऐकलं. पावणेसहाला कपाटातून फाइल काढली. पिशवीत नेता आली नसती, काकांनी पाहिली असती, आणि मग मालकांना कळलं असतं. म्हणून गाडीतल्या पुढच्या कप्प्यात ठेवली. तो कप्पा पडद्यावरूनच उघडतो, आकडे टाकून. वाटलं, सकाळी तुम्ही आलात की तुम्ही कशा आहात ते बघून द्यायची. आणि सकाळी..." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "यांनी गाडीच बंद केली हो! साध्या कप्प्याला सुद्धा साधी कडी नाही!"

साखळी ताणली गेली. गाडी दोन हात सरकली.

"थांबा!" बाई गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "कप्पा उघडल्याशिवाय ही गाडी जाणार नाही."

"कशाच्या आधारावर?" साहेब ओरडला. "गाडी कंपनीची आहे!"

"नाही," फोरमन वर्कशॉपच्या दारातून म्हणाला. त्याच्या हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर होता. "डेमोची गाडी मालकांनी विकत घेतलीय. कागद त्यांच्या नावावर आहेत. आज परतीवर सही झाली की मग कंपनीची."

सगळे मालकांकडे वळले. त्यांच्या खिशात पेन होतं आणि साहेबाच्या हातात कागद.

"सही करा," साहेब म्हणाला. "एजन्सीचं लक्षात आहे ना?"

"तेवढं लेखी दाखवा," बाई म्हणाल्या. "एजन्सी देणार असं नव्या कंपनीने कुठे लिहून दिलंय?"

"ते... प्रक्रियेत आहे."

"पुढच्या अपडेटमध्ये येईल," फोरमन म्हणाला. ट्रकवाले मोठ्याने हसले.

मालक हसले नाहीत. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "तुमच्या घरी कुठली गाडी आहे?"

"हीच."

"आत्ता कुठे असेल?"

मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "शाळेबाहेर. सौ. नातीला आणायला जाते. लवकर जाऊन बसते, सावलीतली जागा मिळावी म्हणून."

"त्यांना पान तीनशे बारा माहीत आहे?"

मालकांनी कागद साहेबाच्या छातीवर ढकलला. कागद सरळ खाली पडला. "फोड रे," ते फोरमनला म्हणाले. "अख्खा डॅशबोर्ड निघाला तरी चालेल." आणि ते बायकोला फोन लावू लागले.

६

कप्पा उघडायला फोरमनला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. प्लास्टिक कडाडून तुटलं आणि लाल फाइल त्याच्या पायांवर पडली. सदतीस कागद होते. प्रत्येकावर तारीख, गाडीचा क्रमांक, बिघाडाचं वर्णन, आणि खाली 'मिळाले'. सही सगळीकडे एकाच हाताची, ऐटदार, शेवटी लांब शेपूट काढलेली. सर्वांत जुना कागद अकरा महिन्यांपूर्वीचा होता.

साहेबाने फाइलकडे बघितलंही नाही. तो दोन्ही फोन घेऊन बाहेर गेला आणि आपल्या गाडीत बसला. आत बसून तो बराच वेळ कोणाशी तरी बोलत होता. दार मात्र त्याने उघडंच ठेवलं होतं, हे बाईंनी पाहिलं.

बाईंनी काउंटरवरच बसून अहवाल लिहिला. चार पानं झाली. एरवी त्या मोजकं लिहायच्या. आज हात थांबेना. फाइलच्या कागदांचे फोटो जोडून अहवाल दोन ठिकाणी पाठवला, विमा कंपनीला आणि पोलिसांना. मालकांच्या पत्नी सुखरूप होत्या आणि फोनवर नवऱ्याला भरपूर ऐकवत होत्या. मालक पहिल्यांदाच निमूट ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते ताईसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढून दिली.

"चला," बाई फोरमनला म्हणाल्या. "मला सरांच्या घरी जायचंय. तुम्ही रस्ता दाखवा."

"मला नका नेऊ, बाई."

"रस्ता मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे धडधडीत खोटं होतं.

काकूंनी दार उघडलं. बारीक, ताठ बाई. समोरच्या भिंतीवर मोठा नकाशा, टेबलावर वाचनालयाची दोन पुस्तकं, अजून परत न केलेली. फोरमन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याने मान खाली घातली होती.

"नऊ दिवस झाले," काकू त्याला म्हणाल्या. "गावातलं झाडून माणूस येऊन गेलं. तू नाही आलास."

"काकू, मी काही केलं नव्हतं हो."

"हे सांगायला यायला हवं होतंस ना? मला का माहीत नव्हतं? तीनदा बॅटरी बदललीस, तेव्हा ह्यांच्याशेजारी मीच तर बसले होते. मला राग आला तो तू तोंड लपवलंस त्याचा. आत ये."

तो आत आला आणि जमिनीवरच बसला. काकूंनी त्याला खुर्चीवर बसायला लावलं.

बाईंनी सगळं सांगितलं. फाइल, कप्पा, सह्या. सांगताना त्यांचा स्वर पुन्हा पुन्हा चढत होता. काकू मात्र शेवटपर्यंत शांत होत्या. दोरीबद्दल ऐकलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटले.

"म्हणजे दोरी त्यांच्या हाताखालीच होती," त्या म्हणाल्या. "चार बोटांवर."



मग त्यांनी डोळे उघडले. "अशा गाड्या गावात किती आहेत?"

"सहाशेच्या वर," फोरमन म्हणाला. "माझ्या वहीत सगळ्यांचे नंबर आहेत. कंपनी कळवणार नाही. कंपनीच उरणार नाही. ताईने फोन करायला सुरुवात केलीय, पण ती एकटी किती करणार?"

"वही कुठे आहे?"

त्याने खिशातून तेलकट वही काढली. काकूंनी चष्मा लावला आणि पानं उलटली. पहिल्याच पानावर त्यांचं बोट थांबलं. "हा दातांचा डॉक्टर ह्यांचा विद्यार्थी. ही पोस्टातली पण. हा... हा तर सातवीत दोनदा बसला होता." त्यांनी वही मधोमध उघडली आणि शिवणीचा दोरा सोडवून तिचे दोन भाग केले. एक भाग बाईंसमोर ठेवला, एक स्वतःकडे घेतला. "तुम्ही मागून सुरू करा, मी पुढून."

बाईंना आज दुपारी आणखी दोन गाड्या तपासायच्या होत्या. त्यांनी फोन काढला आणि आपल्या भागातलं शेवटचं पान उघडलं.

काकूंचा पहिला फोन लागला होता. पलीकडे गाडी चालत असल्याचा आवाज होता आणि कोणीतरी चाचरत सांत्वनाचं बोलायला लागलं होतं.

"हो, हो, ते नंतर," काकू वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या. "मी सरांच्या घरून बोलतेय. आधी गाडी बाजूला घे. थांबवलीस? आता खाली उतर. उतरलास का? हं, आता ऐक."